मंगळावरचा चेहरा: भ्रम, मृगजळ की आभास?

प्रश्न असा आलाय की मंगळावरच्या खडकात चेहरा दिसला, दरवाजा दिसला, अस्वल दिसलं अशा बातम्यांमध्ये कुणी 'दृष्टिभ्रम' लिहितं, कुणी 'मृगजळ' लिहितं, तर पॅरेडोलिया म्हणतात त्याला, म्हणजे दगडात-ढगात नसलेला ओळखीचा आकार दिसण्याला, मराठीत बरोबर शब्द कोणता.

मृगजळ तर लगेच काढून टाका. मृगजळाचा फोटो काढता येतो हो! तापलेल्या जमिनीलगत हवा विरळ होते, प्रकाश वाकतो, आणि जे डोळ्याला दिसतं तेच कॅमेऱ्यालाही दिसतं, त्यात मनाचा खेळ काही नाही, पाणी आहे हा निष्कर्ष तेवढा आपला. मंगळावरच्या चेहऱ्यात नेमकं उलट, कॅमेऱ्याने फक्त उजेड आणि सावली टिपलेली असते, चेहरा बघणारा माणूस घालतो.

आणि 'दरवाजाचे अवशेष सापडले' हे तर वाचवत नाही. अवशेष म्हणजे उरलेलं. म्हणजे आधी काहीतरी पुरं होतं, कुणीतरी बांधलं होतं, आणि त्यातलं एवढं उरलं, हे सगळं त्या एका शब्दात आधीच ठरवून टाकलंय. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीने, मे २०२२ मध्ये तिथल्या गेल विवरात काढलेल्या त्या फोटोतला दरवाजा जेमतेम ३० सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे पायाच्या नडगीला लागेल एवढा. खडकाला तडे गेले, ते एकमेकांना छेदले, मधला तुकडा निसटला. ह्यात 'सापडला' काय आणि 'अवशेष' काय!

आता दृष्टिभ्रम. सारख्या लांबीच्या दोन रेघा लहानमोठ्या वाटतात तो दृष्टिभ्रम, तिथे ठीक आहे. पण भ्रम ह्या शब्दाचा धातू भ्रम् म्हणजे फिरणं, भटकणं. भ्रमण त्यातलं, भ्रमर त्यातला, आपला भोवरा आणि भोवळ पण त्यातलेच. भ्रमात माणूस गरगरतो, त्याला दिशा कळत नाही. दगडात चेहरा बघणाऱ्याची डोकं फिरल्यासारखी अवस्था नसते, त्याला स्वच्छ माहीत असतं की हा दगड आहे आणि तरी चेहरा दिसत राहतो.

म्हणून शब्द पाहिजे तो आभास, आणि मला इथे खरा आनंद होतो तो त्याच्या धातूमुळे. भास् म्हणजे चमकणं, प्रकाशणं. भास्कर म्हणजे प्रकाश करणारा. भासणं म्हणजे मुळात उजळणं, उजळून समोर येणं, आणि मग 'तसं वाटणं'. (आभाळाचा ह्याच्याशी काही संबंध नाही, ते अभ्रावरून आलंय, कुणीतरी दर वेळी हे काढतंच.) मराठीतली रचना बघा, 'मला असं भासलं'. मी कर्ता नाहीच, ती वस्तू माझ्यासमोर उजळते आणि मी आपला 'मला' होऊन बसतो. म्हणजे दोष डोळ्याचा की मनाचा ह्या भांडणाच्या आधीच हा धातू सांगून मोकळा झालाय की उजेडाकडे बघा!

आणि मंगळावर अगदी तेच झालंय. व्हायकिंग १ यानाने २५ जुलै १९७६ ला सायडोनिया भागातल्या एका टेकाडाचा फोटो घेतला तेव्हा सूर्य खाली होता, क्षितिजापासून साधारण २० अंशांवर, त्यामुळे टेकाडाच्या एका बाजूला लांब काळी सावली पडली आणि खळग्यांचे डोळे झाले, तोंड झालं. वर पुन्हा फोटो पृथ्वीवर येताना काही ठिकाणची माहिती गहाळ झाली होती, तिथे काळे ठिपके उमटले, त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी! नासाने तेव्हाच सांगितलं होतं की हा उजेड-सावलीचा परिणाम आहे, पण पुढची वीस-बावीस वर्षं त्याच्यावर प्राचीन संस्कृती उभी राहिली. मग मार्स ग्लोबल सर्व्हेयर ह्या मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने १९९८ ला आणि २००१ ला पुन्हा फोटो काढले, २००१ चा तर एका पिक्सेलला दीड मीटर इतका बारीक, जिथे व्हायकिंगचा पिक्सेल पन्नास मीटरच्या आसपास होता. चेहरा गेला. झिजलेलं, सपाट माथ्याचं टेकाड उरलं. उजेड बदलला, भास गेला, ह्याहून चांगला पुरावा व्युत्पत्तीला कुठे मिळणार?

आता ह्यावर परिभाषा करणारे लोक हटकून म्हणतात की भास हा शब्द मानसशास्त्राने हॅल्युसिनेशनसाठी घेतलाय, तर तुम्ही 'प्रतिमाभ्रम' वगैरे काहीतरी घ्या. मला हे अजिबात मान्य नाही. एक म्हणजे मी भास म्हणतच नाहीये, आभास म्हणतोय. भास काही नसतानाही होतो, कुणी नसताना हाक ऐकू येते तो भास. आभासाला खाली काहीतरी आधार लागतो, दोरी असते म्हणून तिच्यावर साप दिसतो, वेदान्तात त्याला अधिष्ठान म्हणतात. मंगळावर दगड आहेच की. दोन्ही शब्द एकच समजणारे कोश मी बघितलेत आणि ते आळशीपणाचे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं म्हणजे आपल्याकडे तयार साचा पडलाय, हेत्वाभास, जो हेतूसारखा दिसतो पण हेतू नाही (हेतू म्हणजे इथे उद्देश नव्हे, अनुमानाचं कारण). त्याच साच्यात मुखाभास, किंवा दरवाजा-अस्वल सगळं धरायचं तर आकाराभास. कुणालाही न समजावता कळतो.

आणि हेत्वाभास काढलाय तर खरी गंमत तिथेच आहे, कारण मंगळाच्या बाबतीत दोन वेगळ्या चुका होतात आणि बातम्या त्या एकाच पिशवीत कोंबतात. चेहरा दिसणं ही बघण्यातली गोष्ट. पण पर्सिव्हिअरन्स ह्या नासाच्या दुसऱ्या रोव्हरला जुलै २०२४ मध्ये नेरेत्वा व्हॅलिस ह्या जुन्या नदीपात्रात जो चेयावा फॉल्स नावाचा खडक मिळाला, त्याच्यावरचे बिबट्यासारखे ठिपके कुणाला 'भासलेले' नाहीत. ते आहेत. फिक्या मध्याभोवती काळी कड असलेले, मिलिमीटरांत मोजायचे ठिपके, आणि त्या कडांमध्ये लोह नि फॉस्फेट. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावर जो शोधनिबंध आला त्यात व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट ही खनिजं असावीत असं म्हटलंय. पृथ्वीवर अशी खनिजं गाळात सूक्ष्मजीवांच्या कामामुळे तयार होतात, पण जीवांशिवायही होऊ शकतात.

हे शेवटचं वाक्य न्यायशास्त्रवाल्याला, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातल्या माणसाला ऐकवा, तो एका शब्दात सांगेल, सव्यभिचार! म्हणजे जो हेतू साध्य (जे सिद्ध करायचंय ते) असेल तिथेही सापडतो आणि नसेल तिथेही सापडतो, तो काही सिद्ध करत नाही. धूर आहे म्हणून आग आहे हे चालतं, कारण आगीशिवाय धूर नाही. ठिपके आहेत म्हणून जीव होते हे चालायला जीवांशिवाय तसले ठिपके होत नाहीत हे आधी दाखवावं लागेल, त्या खडकाच्या परिस्थितीत, तेवढ्या तापमानात. शास्त्रज्ञ नेमकं तेच तपासतायत, आणि नमुना तिथेच रोव्हरने नळीत भरून ठेवलाय, पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तो यायचाय.

तेव्हा चेयावा फॉल्सबद्दल कुणी 'जीवसृष्टीचा आभास' लिहिलं तर ते माझ्या नावावर खपवू नका, तो शब्द मी सायडोनियाच्या टेकाडासाठी दिलाय. तिथे 'संभाव्य जैवखूण', म्हणजे जीव होते ह्याची असू शकणारी खूण, असं लिहा, आणि जागा कमी पडली तर जैवखूण बारीक टायपात टाका पण 'संभाव्य' कापू नका.