जिप्सी किंगच्या १३०० इंजिनाला रस्त्यावर जोर हवा असेल तर कोणतं हेड आणि कोणता कॅमशाफ्ट घ्यावा?

तुमचा गॅरेजवाला म्हणतोय मोठे व्हॉल्व्ह आणि २८८ अंशांचा कॅम, म्हणजे क्रँक तेवढे अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा (यालाच ड्युरेशन म्हणतात). नका टाकू. आठ व्हॉल्व्हची कार्ब्युरेटरवाली जिप्सी, रोज सोलापुरात आणि महिन्यातून एकदा पुणे, एवढंच काम आहे ना? मग कंपनीच्या मापाचेच व्हॉल्व्ह ठेवा, हेड नीट करून घ्या आणि कॅम २५५ ते २६४ अंशांच्या आत घ्या.

अगदी हाच २८८ चा कॅम टाकलेली एक जिप्सी अक्कलकोट रोड एमआयडीसीत उघडली होती, म्हणून जरा लांबण लावतो. आधीच्या गॅरेजने इनटेक व्हॉल्व्ह मोठे केले होते, पोर्ट (हेडमधल्या हवेच्या वाटा) आरशासारखे घासले होते आणि कॉम्प्रेशन वाढवायला हेड चांगलं मिलिमीटरभर घासून उतरवलं होतं. गाडी बाराशेच्या खाली आयडलिंग धरत नव्हती आणि साडेतीन हजारांपर्यंत जीवच नव्हता. तुळजापूर घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. मालकाला सांगितलं होतं की रिंगा गेल्यात, बोअर करा.

इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं. चारही सिलिंडर १२० ते १२५ पीएसआय. प्रत्येकात चमचाभर तेल टाकून पुन्हा घेतलं, काटा जेमतेम हलला. रिंगा गेल्या असत्या तर तेल टाकल्यावर आकडा उडी मारतो. व्हॉल्व्ह गळत असते तर चारही सिलिंडर सारखे आलेच नसते. चारही सारखेच कमी, म्हणजे दोष टायमिंगचा, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या वेळेचा.

गणित सोपं आहे. लोब सेपरेशन, म्हणजे कॅमच्या इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांमधलं अंतर, १०८ अंश धरा. २८८ चा कॅम सरळ बसवला तर इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन तळाला पोचल्यावर) ७२ अंशांना बंद होतो, २६० चा ५८ ला. पिस्टन वर निघाला तरी दार उघडंच, कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे. ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात ते अंश: ड्युरेशन वजा सेपरेशनची दुप्पट. २८८ ला ७२ अंश, २६० ला ४४. आयडलिंग का बिघडलं ते यातच आलं.

आणि हेड उतरवल्याने दुखणं वाढलं. बेल्टवर चालणाऱ्या कॅममध्ये हेड खाली आलं की क्रँक आणि कॅममधलं अंतर घटतं आणि कॅम मागे पडतो. एक मिलिमीटरला क्रँकचे साधारण दोन अंश. म्हणजे आधीच उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह आणखी उशिरा. शिवाय पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागाही तेवढीच खाल्ली. कॉम्प्रेशनचा हिशोबही कोणी केला नव्हता. बोअर ७४, स्ट्रोक ७५.५, एका सिलिंडरचे ३२४.७ सीसी. ९ कॉम्प्रेशन रेशोला क्लिअरन्स व्हॉल्यूम (पिस्टन वर असताना उरलेली जागा) ४०.६ सीसी, १० ला ३६.१. हे साडेचार सीसी फक्त हेड उतरवून काढायचे तर सव्वा ते दीड मिलिमीटर जातो, कारण चेंबरचं तोंड बोअरपेक्षा लहान असतं. अर्ध्या मिलिमीटरपुढे जाऊ नका. सोलापूरच्या मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला टॉप गिअरमध्ये लोड दिला की खडखड ऐकू येईल, आणि मग स्पार्कचं टायमिंग मागे घेऊन सगळी कमाई परत.

मोठा व्हॉल्व्ह म्हणजे जास्त ताकद, हा वाद सोलापुरात जुना आहे. आज लिहूनच टाकतो. समजा व्हॉल्व्ह ३६ मिमीचा. तीन हजार आरपीएमला त्यातून हवेचा सरासरी वेग सेकंदाला ३२ मीटर. तोच ४० मिमी केला की २६. पुणे रोडवर ऐंशी-नव्वदला तुमचं इंजिन तीन हजारांच्या आसपासच असतं. वेग पडला की पेट्रोल हवेत राहत नाही, पोर्टच्या भिंतीला चिकटतं. आरशासारख्या पॉलिशवर तर थेंबांचे ओघळच होतात. कार्बवाल्या गाडीत इनटेक पोर्ट ८० नंबरच्या कागदाइतका खरबरीत हवा. एक्झॉस्ट हवा तेवढा चकचकीत करा. फ्लोबेंचवर (हेडमधून जाणारी हवा मोजायच्या यंत्रावर) मोठा आकडा आला म्हणून सात रस्त्याच्या सिग्नलवरून गाडी पळत नाही हो.

पैसे घालायचे ते सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यावर घाला. ३०-४५-६० अशी तीन कोनांची सीट, इनटेकची पट्टी १ ते १.२ मिमी, एक्झॉस्टची १.३ ते १.५, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हला उष्णता सीटमधूनच बाहेर टाकायची असते. निळा रंग लावून बघा, पट्टी अखंड उठली पाहिजे. थ्रोट (सीटखालची अरुंद वाट) व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ८८ टक्के. गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) ढिले असतील तर आधी गाइड, मग सीट. उलट केलं तर सीट वाकडी बसते आणि लॅपिंग पेस्ट कितीही घासा, उपयोग शून्य.

कॅम घेताना जाहिरातीतली ड्युरेशन (वरचे २५५ ते २६४ तीच) एवढीच विचारू नका, १ मिमी लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उचललेला असताना, किती अंश ते विचारा. २१० ते २२० पुरे, पूर्ण लिफ्ट ८.५ ते ९.५ मिमी. जुनाच कॅम ग्राइंड करून देणार असतील तर कडक थर किती उरला ते बघा, नाहीतर लोब खातो. बसवताना डिग्री व्हील आणि डायल (व्हॉल्व्ह कोणत्या अंशाला किती उचलतो ते मोजायची साधनं) लावाच, स्लॉट केलेली कॅमपुली घ्या. पिस्टनवर मुलांच्या खेळातली माती ठेवून हाताने दोन फेरे फिरवा: इनटेकला किमान १.५ मिमी, एक्झॉस्टला २. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मिळून मिलिमीटरभर तरी जागा उरली पाहिजे. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं दोन हजारांच्या आसपास फिरवा, आयडलिंगला सोडू नका.

वरच्या जिप्सीला दुसरं हेड, जुन्या मापाचे व्हॉल्व्ह आणि २६० चा कॅम घातला. बोअरिंगची गरजच पडली नाही.

१६ व्हॉल्व्हचं नुसतं हेड आणून बसवायच्या फंदात पडू नका. घ्यायचं तर एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) जिप्सीचं आख्खं इंजिन घ्या, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगसकट. कार्बवालं ६० बीएचपी, ते ८०. खरं सांगायचं तर हेड-कॅमच्या खर्चापेक्षा बऱ्याचदा तेच परवडतं. मात्र इंजिन बदललं की आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते.

दोन गोष्टी राहिल्या. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असेल तर लांब ड्युरेशनच्या कॅमने व्हॅक्यूम पडतो आणि पेडल दगड होतं. आणि पंपावरच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ऐवजी १३.५ च्या आसपास लागतं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर इंजिन लीन, म्हणजे इंधन कमी पडून चालणार. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचा माल, पण मेन जेट एक-दोन नंबर वाढवून, प्लगचा रंग बघूनच घाटात चढवा.