हलगीच्या कार्यशाळेला पहिल्यांदाच जाताय?

आधी हलगी तापवायला शिका, वाजवणं नंतर. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज भद्द येतो. पाचटाच्या जाळाची झळ वीतभर अंतरावरून द्या आणि हलगी सतत फिरवत राहा. एका जागी धरली तर कातडं करपतं, पुढे तिथंच फाटतं. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजली की बास.

उजव्या हातात जाड, आखूड काठी. डाव्यात बारीक, लांब. नवशिके बारीक काठी मूठ आवळून धरतात, तिथंच लय अडते. ती कातड्यावर आडवी पडू द्या, टोक टोचवू नका. पहिल्या सत्रात एकच ठेका, तोही संथ.

रात्री बैठक रंगली की मध्ये घुसू नका. म्होरक्याच्या मनगटाकडे बघत टाळी धरा. उठाव, म्हणजे ठेक्याची उचल, कुठून घेतात ते तिथंच उमगतं.