वाचकांचे प्रश्न : संशोधनाची सुरुवात संदर्भ विभागातून

प्रश्न : मी एम. ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी १८७५ सालचे शेतकऱ्यांचे सावकारांविरुद्धचे दंगे हा विषय घेतला आहे. इंटरनेटवर सगळीकडे तेच चार परिच्छेद सापडतात. ग्रंथालयात गेल्यावर नेमकी कुठून सुरुवात करू?
– विद्यार्थिनी, बारामती

उत्तर : इतिहासाच्या कपाटाकडे लगेच जाऊ नका. आधी संदर्भ विभागात बसा. तिथली पुस्तके घरी देत नाहीत, म्हणून वही आणि सलग दोन-तीन तास घेऊनच जा.

पहिले काम शब्द गोळा करण्याचे. मराठी विश्वकोश उघडा, पण एकाच शीर्षकावर अडून बसू नका. ‘दख्खनचे दंगे’ या रूढ नावाने तुमच्या विषयाची नोंद नसेल तर ‘सावकारी’, ‘शेतकरी’, ‘कृषिकर्ज’, ‘दुष्काळ’, ‘पुणे जिल्हा’ पाहा. वाचताना गावे, माणसे, कायदे, समित्या आणि सन एका वेगळ्या पानावर उतरवा. तुमच्या विषयात ते पान साधारण असे होईल : सुपे, १२ मे १८७५, दख्खन दंगे आयोग, १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, खत (कर्जाचा लेखी दस्तऐवज), हुकूमनामा (न्यायालयाचा निवाडा). पुढचा सारा शोध या शब्दांवर चालतो. जमावाचा रोख सावकाराच्या दप्तरातल्या खतांवर होता, हे एकदा कळले की ‘दंगा’ शोधून जे मिळत नाही ते ‘खत’ आणि ‘कर्जरोखा’ शोधून मिळते.

विश्वकोशातल्या नोंदीचा सर्वांत मोलाचा भाग तिच्या शेवटी असतो आणि बहुतेक विद्यार्थी तिथवर पोचतच नाहीत. तिथे ‘पहा’ म्हणून जोडनोंदी, ‘संदर्भ’ म्हणून ग्रंथांची यादी आणि लेखकाचे नाव असते. तिन्ही उतरवून घ्या. यादी त्या खंडाच्या काळातली असते हे मात्र ध्यानात ठेवा. पहिला खंड १९७६चा आहे, तेव्हा अलीकडचे संशोधन तुम्हालाच शोधावे लागेल.

दुसरे काम गॅझेटियरचे, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा १८वा खंड पुणे जिल्ह्याचा आहे. १८८५चा हा खंड तीन भागांत आहे. दुसऱ्या भागात ‘भांडवल’ या प्रकरणात सावकारी, व्याज, गहाणवट यांची माहिती आहे, तर तिसऱ्या भागात गावांच्या नोंदी वर्णानुक्रमे आहेत. इथे हमखास गफलत होते. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, म्हणून विद्यार्थी बारामती तालुका शोधतात आणि हात हलवत परत येतात. त्या काळी हा मुलूख भिमथडी तालुक्यात मोडत होता. जुने तालुके आणि इंग्रजी अमलातली स्पेलिंगे यांची जोडयादी आधीच करून ठेवा. अहमदनगरसाठी १७वा खंड (१८८४) पाहा. दंगे त्या जिल्ह्यातही पसरले होते.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. गॅझेटियर हा सरकारी अधिकाऱ्यांनी, सरकारच्या कामासाठी तयार केलेला ग्रंथ आहे. त्याच्या तळटिपा तपासा, म्हणजे अनेक विधाने आयोगाच्या १८७६च्या अहवालावर उभी असल्याचे दिसेल. अशा वेळी ‘अहवालही तेच म्हणतो, गॅझेटियरही तेच म्हणते’ असे लिहिणे म्हणजे एकाच साक्षीदाराला दोनदा उभे करणे. अहवालच मिळवा. त्याला जोडलेल्या जबान्या आणि तक्ते वाचा. लघुप्रबंधाचा खरा कस तिथे लागतो.

प्रश्न : ग्रंथालयाच्या संगणकावर विषय टाकला की ‘नोंद नाही’ असे येते. पुस्तके खरेच नसतात का?
– पीएच.डी.चा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : बहुतेक वेळा पुस्तक असते, शब्द जुळत नाही. जुन्या कार्डांवरून संगणकात नोंदी चढवताना अनेक ठिकाणी फक्त शीर्षक आणि लेखक घेतले गेले, विषय राहून गेला. मराठी पुस्तके कुठे देवनागरीत, तर कुठे रोमन लिपीत नोंदलेली असतात. त्यात जुन्या-नव्या लेखनाचा घोळ. महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ कुठे ‘असूड’ म्हणून सापडेल, कुठे ‘आसूड’. पूर्ण शीर्षक टाकण्याऐवजी एखादा न बदलणारा शब्द किंवा नुसते लेखकाचे आडनाव टाका. एक पुस्तक मिळाले की त्याचा वर्गांक, म्हणजे विषयानुसार दिलेला क्रमांक, घ्या आणि त्याच वर्गांकाने पुन्हा शोधा. मराठी साहित्य ड्यूई या वर्गीकरण पद्धतीत ८९१.४६ खाली येते, पण साहित्याचा इतिहास, चरित्रे आणि भाषाविचार शेजारच्या कपाटात असतीलच असे नाही.

मुळात कोणती पुस्तके निघाली हे कळायला शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची हवीच. पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातल्या पुस्तकांचा. सूचीवरून आधी आपली यादी करा, मग ती ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे तिथल्या पुस्तकांच्या नोंदींत, ताडून पाहा. उलट क्रमाने गेलात तर त्या ग्रंथालयात जे आहे तेवढेच जगात आहे असे वाटू लागते.

जुन्या पुस्तकांवर सन नसून शके असेल तर ७८ मिळवा. पौषातला उत्तरभाग ते फाल्गुन या काळासाठी ७९. नुसत्या शकावरून सन लिहायचा झाला तर दोन्ही साले द्या.

प्रश्न : प्रबंधात विश्वकोशाचा आधार दिला तर मार्गदर्शक नाराज होतात. देऊच नये का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : व्याख्या, जन्ममृत्यूचे सन, एखाद्या संज्ञेचा अर्थ यासाठी जरूर द्या. ज्या विधानावर तुमचा युक्तिवाद उभा आहे, ते मात्र मूळ साधनातूनच यायला हवे. आधार देताना नोंदलेखक, नोंदीचे शीर्षक, खंड, प्रमुख संपादक, प्रकाशनस्थळ, वर्ष आणि पृष्ठ एवढे लिहा. नुसते ‘मराठी विश्वकोश’ लिहिले तर परीक्षकाने कुठे पाहायचे? श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे काम १९२०च्या दशकातले आहे. जाती, समाज, विज्ञान यांवरच्या त्यातल्या नोंदी त्या काळाचा विचार म्हणून वाचाव्यात, आजची माहिती म्हणून नव्हे.

प्रश्न : आमच्या तालुक्यात मोठे ग्रंथालय नाही. काय करावे?
– शिक्षक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश महाजालावर विनामूल्य आहेत, जुन्या गॅझेटियरचे खंडही मिळतात. विद्यापीठांना सादर झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर पाहा. तुमच्याच विषयाजवळचा एखादा प्रबंध सापडला तर त्याची शेवटची ग्रंथसूची आधी वाचा. छापील सूचींसाठी जिल्ह्याच्या शासकीय ग्रंथालयात किंवा जवळच्या ‘अ’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करा. पत्र लिहाल तर ‘दंग्यांवर काही आहे का’ असे विचारू नका. ग्रंथाचे नाव, खंड, वर्ष आणि हवी ती पृष्ठे लिहून पाठवा. तेवढ्यावर ग्रंथपाल पुस्तक काढून पृष्ठांच्या प्रतींची सोय करू शकतो.