दगडकामात करिअर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात किल्ल्यांच्या डागडुजीवर लिहिताना आम्ही सहज म्हटलं होतं की निधी येतो, पण हाताने दगड घडवणारी माणसं मिळत नाहीत. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाही.

प्रश्न: मी १९ वर्षांचा, बारावी कॉमर्स, सातारा जिल्हा. मला दगडाचं काम शिकायचंय, मंदिराचं, वाड्याचं, जुन्या पद्धतीचं. घरचे म्हणतात आयटीआय कर. एका क्लासवाल्याने तीन महिन्यांचा 'स्टोन आर्ट डिप्लोमा' सांगितलाय, फी ६० हजार. काय करू?

पैसे भरू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

दगडकाम म्हणतात त्यात खरं तर तीन धंदे आहेत आणि तिघांची वाट वेगळी. एक मशीनचं: गँगसॉ, ब्रिज कटर, सीएनसी अशी दगड कापायची-कोरायची मशीनं, पॉलिश, ओट्याचं ग्रॅनाइट फिटिंग. आज पोटाला सगळ्यात जास्त काम इथे आहे, त्याला कमी लेखू नये. दुसरं बांधकामाचं: दगड घडवून भिंत, कमान, पायऱ्या उभ्या करणं. तिसरं कोरीवकाम आणि मूर्ती. तुझ्या पत्रावरून तुला दुसरं हवंय असं दिसतं, पण तू फोटो पाठवलेत ते सगळे तिसऱ्याचे आहेत, तेव्हा आधी हे स्वतःशी ठरव.

आयटीआयचा गवंडी ट्रेड (मेसन, बिल्डिंग कन्स्ट्रक्टर) एका वर्षाचा आहे. त्यात वीटकाम, काँक्रीट, प्लास्टर, ओळंबा, लेव्हल, नकाशा वाचणं हे नीट शिकवतात, दगड घडवणं फारसं हाताला येत नाही. तरीही कर असंच सांगेन, कारण सर्टिफिकेट मिळतं, पुढे अप्रेंटिसशिप मिळू शकते, आणि ज्याला नकाशा वाचता येतो त्याला साइटवर कुणी नुसता बिगारी समजत नाही. दगडाच्या मशीनचेही वेगळे ट्रेड केंद्राच्या यादीत आहेत. आपल्याकडे कुठल्या आयटीआयमध्ये कुठला ट्रेड चालू आहे ते त्या वर्षीच्या ॲडमिशन पोर्टलवरच बघायचं, ऐकीव माहितीवर जायचं नाही.

दगड मात्र मिस्त्रीकडेच शिकायचा, त्याला दुसरा रस्ता नाही. आपल्याकडे पाथरवट, वडार, बेलदार या समाजांनी हे काम पिढ्यानपिढ्या केलंय आणि त्यांच्यातले म्हातारे मिस्त्री अजून बऱ्याच तालुक्यांत सापडतात. पाट्या-वरवंट्याला टाकी लावत फिरणारे पण त्यांच्यातलेच, मिक्सर आल्यावर त्यांचं ते काम गेलं. अशा माणसाकडे जाऊन सांग की सहा महिने पगार नको, रोजचा जेवणखर्च द्या. तो आधी तुला दगडाला हात लावू देणार नाही, हत्यारं शेकायला, म्हणजे तापवून धार लावायला बसवेल, तर कंटाळू नकोस, कारण काळ्या पाषाणावर (बेसॉल्टवर) छन्नी तासाभरात बोथट होते आणि धार लावता न येणारा माणूस दिवसभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. टोक भट्टीत लाल करून ठोकून काढायचं, परत तापवून फक्त टोक पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून पटकन घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागची उष्णता टोकाकडे सरकते तसा त्यावर रंग चढतो, आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा असतानाच पूर्ण बुडवलं तर धार कडक राहते, निळा येऊ दिला तर नरम पडते, आणि रंग यायच्या आधीच गार केलं तर पहिल्या घावाला टवका उडतो. याला पाणी देणं म्हणतात. हल्ली कार्बाइडच्या टोकाची छन्नी विकत मिळते, ती पण घे, पण पाणी देता आलंच पाहिजे.

मग दगड. आधी हातोडीने वाजवून बघायचा, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत भेग आहे, बाजूला काढ. एक तोंड सपाट करणं हा पहिला धडा आणि तो सोपा वाटतो म्हणून पोरं त्यातच फसतात. सगळा दगड एकदम तासायला घ्यायचा नसतो. एका कडेला छन्नीच्या रुंदीएवढी पट्टी सरळ काढायची, समोरच्या कडेलाही तशीच, मग दोन्हींवर सरळ लाकडी पट्ट्या उभ्या ठेवून खाली वाकून एका डोळ्याने बघायचं. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या रेघा एकमेकींवर बरोबर बसल्या तर दगडाला पीळ नाही. नाहीतर एका कोपऱ्यात अजून उतरवायचं. त्यानंतर उरलेल्या दोन कडा जोडायच्या, आणि मग मधला उंचवटा टाकीने मारत मारत खाली आणायचा, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावून बाकीच्या बाजू काढायच्या. पहिल्या दगडाला तुला दोन दिवस लागतील आणि मिस्त्री त्यावर एक शब्द बोलणार नाही. बोलला तर समज वाईट झालंय.

तीन महिन्यांच्या डिप्लोमात हे होत नाही. क्लासवाल्याला एकच विचार, तीन महिन्यांत मी किती दगड स्वतः घडवणार आणि कुठला दगड. गोलमाल उत्तर आलं तर उठून ये.

आणि चुना शीक. जुन्या वास्तूंच्या कामात सिमेंट चालत नाही, कारण ते दगडापेक्षा कडक होतं, पाणी आत कोंडतं आणि मग दगडाचेच पापुद्रे निघतात. घाणीवर मळलेला चुना, त्यात गूळ, हिरडा, हे जाणणारी माणसं दगड घडवणाऱ्यांपेक्षाही कमी आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, त्यातले ११ महाराष्ट्रात, म्हणजे पुढची कितीतरी वर्षं हे काम संपत नाही. टेंडरची बिलं उशिरा निघतात हा भाग वेगळा, पण तो ठेकेदाराचा डोकेदुखीचा विषय, तू रोजची मजुरी ठरवून घे आणि आठवड्याला हिशोब कर.

प्रश्न: आमच्यात पिढीजात दगड फोडायचं आणि घडवायचं काम. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत आम्ही बसतो का? पोराला नवीन शिकायला त्यातून ट्रेनिंग मिळेल का? (सोलापूर जिल्हा)

तुम्ही बसता. योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात दगड कोरणारे, दगड फोडणारे आणि गवंडी तिन्ही आहेत. ओळखपत्र, ५ ते ७ दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, पुढे १५ दिवसांचं, ट्रेनिंगच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख मग २ लाख कर्ज. नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) वर, फुकट असते, कुणी पाचशे-हजार मागितले तर देऊ नका.

पण पोराचं वेगळं आहे दादा. ही योजना जो आधीपासून स्वतः हाताने काम करतो त्याच्यासाठी आहे, कोऱ्या माणसाला शिकवण्यासाठी नाही, आणि एका कुटुंबात एकालाच मिळते. त्यामुळे फॉर्म तुमच्या नावाने भरा. पोराला शिकवायला तुम्ही घरात आहातच, तो तयार असेल तर, नसेल तर ओढून आणू नका. आणखी एक, १८ च्या आतल्या पोराला खाणीवर नेऊ नका, कायद्यानेही चालत नाही.

प्रश्न: मी मुलगी आहे, आर्टचं फाउंडेशन झालंय, मूर्तीकडे जायचंय. जे.जे. करू की सरळ राजस्थानात जाऊन शिकू?

सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनचं, आणि दगडाशी त्याचं नातं जुनं आहे, सीएसएमटीच्या इमारतीवरची पानंफुलं आणि प्राणी कोरण्यात तिथल्या विद्यार्थ्यांचा हात होता. आज तिथे शिल्पकलेत माती, प्लास्टर, धातू, दगड असं सगळं थोडं थोडं होतं. नजर आणि ड्रॉइंग पक्कं होतं, हात मात्र बाहेरच बसतो.

पारंपरिक मूर्तीशास्त्रच हवं असेल तर महाबलीपुरमचं सरकारी वास्तू आणि शिल्प महाविद्यालय बघ, १९५७ मध्ये सुरू झालेलं. तिथे ताल (मूर्तीच्या मापाची पद्धत), प्रमाण, आगम या जुन्या ग्रंथांतले नियम हे सगळं रीतसर शिकवतात, अर्थात वातावरण तमिळ, त्याची तयारी ठेव. कर्नाटकात कारकळजवळ मियार इथे कॅनरा बँकेच्या ट्रस्टचं कारागीर प्रशिक्षण केंद्र आहे, राहून शिकायचं, मोफत. मला विचारशील तर ज्याच्या घरी पैसा नाही त्याच्यासाठी हे सगळ्यात चांगलं. राजस्थानात पिंडवाड्याला मंदिरांच्या कामाची मोठी वर्कशॉप आहेत, अयोध्येच्या मंदिराचा बराच दगड तिथे घडला, पण ते शाळा नाहीत, कारखाने आहेत. एक माणूस महिनोन् महिने एकच नक्षी काढतो. शिकायचं ते आधी शिकून मग जा.

मुलगी म्हणून घेतील का हे तू लिहिलं नाहीस पण विचारायचं होतं असं वाटलं. वडार बायका खाणीवर पुरुषांच्या बरोबरीने घण मारत आल्यात, तेव्हा ताकदीचा मुद्दा कुणी काढला तर हसून सोड. राहायची सोय आणि संडास आहे का ते मात्र जायच्या आधी बघ, तिथेच गाडं अडतं.

प्रश्न: माझे मिस्टर बारा वर्षं दगड कटिंगला आहेत, आता सतत खोकला, जिना चढला की धाप लागते. टीबीचं औषध दोनदा झालं. मालक म्हणतो धुळीची ॲलर्जी आहे.

ताई, हा करिअरचा प्रश्न नाही, पण इथे छापतोय कारण वरच्या सगळ्यांनी तो वाचायलाच हवा.

मोठ्या डॉक्टरकडे, शक्यतो सरकारी मेडिकल कॉलेजच्या छातीच्या ओपीडीत जा, आणि सुरुवातीलाच सांगा की बारा वर्षं दगड कापतात. हे न सांगितल्यामुळे सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसं खराब होण्याचा आजार, टीबी म्हणून निघून जातो. दोन्ही एकत्रही असू शकतात, कारण सिलिकोसिस असलेल्याला टीबी लवकर धरतो, म्हणून चालू औषध स्वतःहून बंद करू नका. सिलिकोसिस बरा होत नाही, पण धूळ थांबवली तर वाढण्याचा वेग कमी होऊ शकतो, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत त्यांना कटिंगवर पाठवू नका. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर तिथेही नोंद करा. हा कामामुळे होणारा, सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, मालकाची 'ॲलर्जी' कागदावर टिकत नाही.

बाकीच्यांसाठी: सगळ्या दगडांची धूळ सारखी नसते. वालुकाश्मात सिलिका ७० ते ९० टक्के, ग्रॅनाइटमध्ये ३० च्या आसपास, आपल्या काळ्या पाषाणात १० च्या आत, संगमरवरात २ च्या आत. किचनसाठी जो कृत्रिम क्वार्ट्झ स्लॅब येतो त्यात ९० च्या वर असू शकते, ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून तो बंदच केला. कोरड्या ग्राइंडरने हे कापणं म्हणजे आत्मघात. पाणी सोडून कापा, धूळ ओढणारं मशीन लावा, तोंडाला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क वापरा. रुमाल बांधल्याने फक्त नाकाखालच्या मिशा स्वच्छ राहतात. संध्याकाळी कपडे झाडू नका, ओले करून धुवा, आणि ते बायकोला झाडायला देऊ नका.

प्रश्न: सिंधुदुर्गात चिरेखाणीवर (जांभ्या दगडाचे चिरे काढतात तिथे) काम मिळतंय, पुढे त्यात भवितव्य आहे का?

चिरा आता मशीननेच निघतो, त्यामुळे ऑपरेटर म्हणून शिकलास तर काम आहे, पण खाणीला परवानगी आहे का ते आधी बघ, नाहीतर महसूलवाले आले की मशीनसकट तू पण अडकशील. जांभा खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो, म्हणून बारीक तासकाम लवकर करायचं. होमस्टे आणि बंगलेवाले हल्ली प्लास्टर न करता चिरा उघडा ठेवतात, त्याला कोपरे नीट काढणारा आणि सांधे बारीक ठेवणारा गवंडी लागतो. मशीनवर दोन सीझन काढ आणि रिकाम्या वेळात बांधकामावर जाऊन हे शीक.

प्रश्न: जर्मनीत स्टोनमेसन व्हायला किती खर्च येतो?

तिथे तीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचा कोर्स असतो, काही दिवस शाळा आणि बाकी वर्कशॉप, आणि त्यात शिकाऊला पगार मिळतो, म्हणजे खर्च मुख्यतः भाषेचा आणि व्हिसाचा. जर्मन भाषेची बी-१ पातळी तरी पाहिजेच, बी-२ असेल तर बरं. कोलोन, उल्म अशा कॅथेड्रलना स्वतःच्या दगडी कार्यशाळा आहेत. एजंट दोन-तीन लाख मागत असेल तर त्याच्याकडून आधी वर्कशॉपचं नाव आणि करारपत्र माग, ते देत नसेल तर त्याला सोड आणि ते पैसे भाषेच्या क्लासला लाव.