नौकानयनात नव्याने उतरलेल्या खेळाडूस

पदकाची बातमी छापून आली की आठवडाभर सत्कार होतात आणि मग पुन्हा पहाटेचे साडेचार असतात, हे आधीच ध्यानात ठेव. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा क्रमांक मिळवला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक जिंकले. अर्जुन पुरस्कार मात्र 2020 मध्ये मिळाला.

मुंबईला समुद्र आहे, पण शर्यतीला लागते ते 2000 मीटरचे संथ, सरळ पाणी, आणि ते येथे सहजी मिळत नाही. त्यामुळे पावसाळ्यात अर्गोमीटरवर, म्हणजे जमिनीवर वल्हवण्याचा सराव देणाऱ्या यंत्रावर, घाम गाळावा लागेल आणि सुट्ट्यांत पुण्याच्या शिबिरांना जावे लागेल. तळहातावर फोड आले म्हणून हातमोजे घालू नकोस. वल्ह्याचे पाते पाण्यात शिरतानाचा हलका धक्का उघड्या बोटांनाच कळतो.

एक गोष्ट मी ठेच लागून शिकलो. माझ्या एका प्रमाणपत्रावर आडनावाची वेलांटी चुकली होती आणि ते आयोजकांकडून दुरुस्त करून घेण्यात दोन वर्षे गेली. शासकीय नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते, तेव्हा वृत्तपत्रातील छायाचित्र कामास येत नाही (आईने ते कितीही जपून ठेवलेले असो). म्हणून बक्षीस समारंभातच, हार गळ्यात असतानाच, नाव आणि जन्मतारीख वाचून घेत जा.