विचारा रस्त्याविषयी : शर्यतींचा रस्ता सायकलवाल्यांकडे कसा आला?

स. न. वि. वि.
माझा भाचा न्यूयॉर्कला क्वीन्स भागात राहतो. दर रविवारी तो एका जुन्या, अरुंद वाटेवर सायकल चालवायला जातो. दोन्ही बाजूंना दाट झाडी, कडेला सिमेंटचे ठेंगणे खांब, आणि मध्येमध्ये वाट पुलावरून जाते, खालून मोटारींचा रस्ता. तिथे भेटलेल्या एका आजोबांनी त्याला सांगितलं की एका कोट्यधीशाने शंभर वर्षांपूर्वी मोटारींच्या शर्यतीसाठी हा रस्ता स्वतःच्या पैशाने बांधला होता. हे खरं का? खरं असेल तर असा रस्ता बंद का पडला?
– एक वाचक भगिनी, फोंडा

ताई, आजोबांनी सांगितलं ते खरं आहे. फक्त ‘शर्यतीसाठी’ एवढंच म्हटलं तर त्या रस्त्याचा मोठेपणा झाकला जातो. तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण या रस्त्यावर मी आयुष्यभर जीव लावलाय. पाहिला मात्र कधीच नाही.

त्याचं नाव लाँग आयलंड मोटर पार्कवे. बांधणारा विल्यम किसम व्हँडरबिल्ट, धाकटा. अमेरिकेत रेल्वेवर अफाट संपत्ती उभी करणाऱ्या कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांचा हा पणतू. याला वेड मोटारींचं. १९०४च्या जानेवारीत फ्लोरिडाच्या वाळूवर त्याने मर्सिडीज ताशी ९२ मैलांनी पळवली होती, म्हणजे जवळजवळ दीडशे किलोमीटर. त्याच वर्षी त्याने चांदीचा एक करंडक ठेवला आणि ८ ऑक्टोबरला लाँग आयलंडच्या साध्या रस्त्यांवर पहिली व्हँडरबिल्ट करंडक शर्यत भरवली.

साधे रस्ते म्हणजे कसे, ते डोळ्यांपुढे आणा. बटाट्याच्या नि भाजीच्या शेतांमधून जाणारी धुळीची वाट, तीवर घोडागाड्या, गुरं, चर्चला निघालेली माणसं. शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : रस्ता आमचा, आणि शर्यतीच्या दिवशी आम्हीच घरात कोंडून बसायचं? तरी शर्यत झाली. जॉर्ज हीथ पानार गाडीतून जिंकला आणि एका गाडीवरचा मेकॅनिक उलटलेल्या गाडीखाली मेला. त्या काळी चालकाशेजारी एक मेकॅनिक बसत असे. तेल पंप करायचा, मागून कोण येतंय ते सांगायचं, टायर फुटला की उतरून बदलायचा, आणि हे सगळं बिनपट्ट्याच्या उघड्या आसनावरून. १९०६ साली तर लाखोंची गर्दी रस्त्याच्या कडेला दाटली होती. गाडी येताना दिसली की लोक वाट सोडायचे, गेली की पुन्हा मध्ये यायचे. एक प्रेक्षक गाडीखाली गेला. फ्रान्सच्या लुई वॅग्नरने शर्यत जिंकली खरी, पण लोक रस्त्यात घुसल्यामुळे मागच्या गाड्यांना थांबवावं लागलं. १९०७ साली शर्यत झालीच नाही.

मोटार पार्कवे जन्मला तो या रक्तातून. व्हँडरबिल्टने कंपनी काढली, शेतकऱ्यांकडून जमिनीचा लांबच लांब पट्टा मिळवला आणि १९०८च्या जूनमध्ये कामाला हात घातला. १० ऑक्टोबर १९०८ला पहिला दहाएक मैलांचा तुकडा खुला झाला, तोही शर्यतींनीच. दोन आठवड्यांनी करंडकाची शर्यत झाली. जॉर्ज रॉबर्टसनने लोकोमोबिल गाडी सरासरी ताशी ६४ मैलांनी पळवून ती जिंकली. अमेरिकन गाडीने हा करंडक जिंकण्याची ती पहिली वेळ. ‘ओल्ड सिक्स्टीन’ म्हणून ओळखली जाणारी ती गाडी आज हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

आता रस्त्याकडे वळतो, माझा जीव तिथे अडकलाय. मी १९७४ साली रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर म्हणून लागलो. त्या पहिल्याच वर्षी फोंड्याच्या वाटेवर एका वळणाचं काम माझ्याकडे आलं. वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवावी लागते, नाहीतर वेगातली गाडी बाहेर फेकली जाते. मी लेव्हल लावली, पट्टी धरली, सूत ताणलं आणि पुस्तकात होती तेवढी कड उचलली. आमचा मुकादम एवढंच म्हणाला, ‘बाबू, पाणी आत वळतलें.’ मी ऐकलं नाही. मिरगाचा पहिला पाऊस पडला आणि वळणाच्या आतल्या बाजूला जे घर होतं, त्याच्या अंगणात रस्त्याचं सगळं पाणी उतरलं. घरातल्या म्हाताऱ्या आजींनी मला बोलावून तुळशीवृंदावन दाखवलं. खालच्या पायरीपर्यंत लाल गढूळ पाणी. ओरडल्या नाहीत, नुसतं बोट दाखवलं. आतल्या कडेला गटार खणून पाणी ओढ्याला नेईस्तोवर मला झोप नव्हती.

म्हणून लाँग आयलंडच्या लोकांनी १९०८ साली काय केलं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. त्यांनी वळणांच्या बाहेरच्या कडा उचलल्या. मातीच्या जागी सिमेंट काँक्रीट आणि त्यात लोखंडी जाळी घातली. कडेला काँक्रीटचे खांब रोवून त्यांना तारा ओढल्या. तुमच्या भाच्याला दिसतात ते तसलेच खांब. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट : या रस्त्याला आडवा रस्ता कुठेच नाही. जिथे गावची वाट आली तिथे पूल. जिथे रेल्वे आली तिथे पूल. एखाद्या शेतकऱ्याचं शेत रस्त्यामुळे दुभंगलं, तर त्याची गुरं नि गाडी पलीकडे जावी म्हणून त्याच्यासाठीही पूल. असे साठाच्या वर पूल बांधले. मला वाटतं हे डोकं रेल्वेवाल्याच्या घरचंच. रेल्वेला आपली वेगळी वाट लागते, तीत दुसऱ्याचा पाय पडत नाही. व्हँडरबिल्टने तोच न्याय मोटारीला लावला. बर्लिनचा आव्हुस रस्ता १९२१ साली खुला झाला, इटलीत मिलानहून सरोवरांकडे जाणारा मोटार रस्ता १९२४ साली. त्यांच्या कितीतरी आधी लाँग आयलंडवर ही गोष्ट उभी होती.

इथे मला थोडं वैयक्तिक बोलू द्या. एका रुंदीकरणात वाडा, म्हणजे गावची वस्ती, रस्त्याच्या एका अंगाला राहिला, शाळा आणि देऊळ दुसऱ्या अंगाला. मी माणसं आणि गुरं जातील एवढा भुयारी मार्ग आराखड्यात दाखवला होता. उंची आठ फूट, रुंदी दहा. खर्च वाढतो म्हणून तो खोडला गेला. कोणी खोडला ते लिहीत नाही. त्याच्या जागी दुभाजकात एक खाच ठेवली. पुढच्याच वर्षी शाळेत जाणाऱ्या एका मुलाचा पाय त्या खाचेत कायमचा अधू झाला. तो आराखडा अजून माझ्या कपाटात आहे. एका शेतकऱ्याच्या बैलगाडीसाठी १९०८ साली पूल बांधला जातो हे वाचलं की मला तो मुलगा आठवतो.

मग बंद का पडला? दोन गोष्टी वेगळ्या धरा : शर्यत आणि रस्ता.

शर्यत आधी गेली. पार्कवे बांधला तरी शर्यतीचा फेरा पूर्ण करायला बाकीचे सार्वजनिक रस्ते वापरावेच लागत. १९०८ साली तर फेऱ्यातला निम्म्याहून जास्त भाग जुन्याच रस्त्यांवर होता. म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध आणलं, ते अंगावर अर्धंच लागलं. १९०९ आणि १९१०, दोन्ही वर्षी हॅरी ग्रँट ॲल्को गाडीतून जिंकला. पण १९१०च्या शर्यतीत दोन मेकॅनिक मेले, प्रेक्षक जखमी झाले, आणि न्यूयॉर्क राज्याने सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यती बंद केल्या. करंडक पुढच्या वर्षी जॉर्जियातल्या सव्हानाला गेला. माझ्या मते निर्णय योग्यच होता. ज्या रस्त्याने माणसं दूध आणतात, तिथे शर्यत नको.

रस्ता मात्र त्यानंतरही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चालला. १९११पर्यंत तो पूर्वेला रॉन्कॉन्कोमा तळ्यापर्यंत गेला. पुढे पश्चिमेला क्वीन्समध्ये वाढवला तेव्हा लांबी सुमारे ४५ मैल झाली. पणजीहून मडगावला जाऊन परत यावं, साधारण तेवढी. तळ्याकाठी श्रीमंतांसाठी खानावळ, वाटेवर टोलची टुमदार नाकी. सुरुवातीची काही नाकी जॉन रसेल पोप या वास्तुविशारदाने आखली. पुढे वॉशिंग्टनचं जेफरसन स्मारक त्यानेच आखलं. नाक्याचा राखणदार बायकामुलांसह त्याच घरात राहायचा. रात्री-अपरात्री गाडी आली की उठून दार उघडायचा. त्यातलं एक घर गार्डन सिटीत जपून ठेवलंय.

टोल होता दोन डॉलर. हा आकडा कसा वाटतो? १९१४ साली फोर्डने दिवसाला पाच डॉलर द्यायला सुरुवात केली, त्याआधी त्याच्या कारखान्यातल्या साध्या कामगाराची दिवसाची मजुरी अडीच डॉलरच्या आत होती. म्हणजे एका फेरीला जवळजवळ एका दिवसाची मजुरी. आणि योग बघा : पार्कवे खुला झाला १० ऑक्टोबर १९०८ला, फोर्डची मॉडेल टी बाजारात आली १ ऑक्टोबर १९०८ला. एकाच पंधरवड्यात श्रीमंताचा रस्ता आणि सामान्यांची गाडी. पुढे गाड्या वाढत गेल्या, पण त्यांचे मालक दोन डॉलर देणारे नव्हते. टोल दीडवर आला, एकावर आला, शेवटी चाळीस सेंटवर. रस्ताही १९०८च्या गाड्यांच्या मापाचा, दोन गाड्या जेमतेम शेजारून जातील एवढा. पुलांवरचे चढ उभे, काही वळणं फार आवळलेली. तेवढ्यात न्यूयॉर्कमधले रस्ते आणि बागा बांधणारे सरकारी अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी त्याच टापूत नॉर्दर्न स्टेट पार्कवे आणला. रुंद, आणि फुकट. तिथे व्हँडरबिल्टच्या रस्त्याचा निभाव लागणं शक्यच नव्हतं. १९३८ साली थकलेल्या कराच्या बदल्यात तो सरकारजमा झाला. त्याच वर्षी क्वीन्समधला अडीचएक मैलांचा तुकडा सायकलींसाठी खुला झाला. आपल्या पणजीच्या पाटो ते रायबंदर बांधापेक्षा थोडा लांब. तुमचा भाचा तिथेच फिरतो.

त्याला एक निरोप द्या. सेव्हंटीथर्ड ॲव्हेन्यू, हॉलिस हिल्स टेरेस आणि स्प्रिंगफील्ड बुलेव्हार्ड या रस्त्यांवर जुने पूल आहेत. पुलावरून जाताना थांबू नको म्हणावं, खाली उतर आणि पोटाकडे वर बघ. साच्याच्या फळ्यांचे ठसे काँक्रीटवर उमटलेत का, कुठे सळीचा गंज बाहेर आलाय का, पाणी कुठून झिरपतं? फोटो काढून तुम्हाला पाठवला तर मलाही पाठवा. शंभर वर्षांच्या काँक्रीटचं पोट बघायची माझी फार इच्छा आहे.

*

अमेरिकेतला इंडियानापोलिसचा शर्यतीचा रस्ता विटांचा होता असं ऐकलं. मग आपल्याकडे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे रस्ते का करत नाहीत? डांबर दर पावसाळ्यात उखडतंच.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, म्हापसा

चांगला प्रश्न आहे, बाळा. इंडियानापोलिसचा अडीच मैलांचा फेरा १९०९च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला तेव्हा विटांचा नव्हता. खडी आणि डांबर होतं. पहिल्याच शर्यतींत पृष्ठभाग उखडला, खड्डे पडले, दगड उडाले आणि पाच जणांचा जीव गेला. मालकांनी त्याच शरदात सुमारे ३२ लाख विटा आणून, एकेक करून, सगळा फेरा नव्याने फरसबंद केला. त्या विटा आपल्या भिंतीच्या विटा नव्हेत. मुद्दाम रस्त्यासाठी फार कडक भाजलेल्या, पाणी न पिणाऱ्या. आता त्यावर डांबर आहे, फक्त शेवटच्या रेषेवर तीन फुटांची विटांची पट्टी राखली आहे.

आपला चिरा उलट्या स्वभावाचा. खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येतो, वाऱ्यावर ठेवला की कडक होतो, पण भोकाभोकांचा असल्याने पाणी पितो. दाब सोसतो, घासणं सोसत नाही. चाकाखाली टाकलास तर दोन पावसाळ्यांत त्याची लाल भुकटी होईल. भिंतीत घाल, कमानीत घाल, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. रायबंदरचा बांध १६३३-३४ साली चिऱ्यांनीच बांधला. आज त्याच्यावरून बस धावते ती डांबरावरून, भार पेलतो तो खालचा चिरा. ओहोटीला पाटोच्या बाजूने खाली उतर, कमानीत हात घालून बघ. आणि डांबर उखडतं त्याचं कारण बहुतेक वेळा डांबरात नसतं, कडेच्या गटारात असतं. पुढच्या पावसात तुझ्या वाड्यावरच्या एका खड्ड्याजवळ छत्री घेऊन अर्धा तास उभा राहा. पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं त्याची रेघ वहीत काढ. ती वही मला दाखव.