हत्यारांची बिलं जप, बाकीचंही सांगतो

बहिणीच्या अर्जावरून ग्रीनकार्डाचा नंबर लागला, सांगलीतली ठेकेदारी आवरून टेक्सासला येतोस, जुनी घरं घेऊन, नीट करून विकणार. तर हत्यारांचा खर्च करातून वजा होतो का, आणि तिकडची हत्यारं आणू का, असं विचारलंस.

वजा होतो, पण सगळा खर्च एका खात्यात टाकू नकोस. विकायला घेतलेलं घर इथे दुकानातला माल धरतात. फरशा, रंग, लाकूड घराच्या किमतीत मिळवायचं. घर विकेल त्या वर्षीच ते वजा होतं. हत्यारांचं वेगळं. नगाला २,५०० डॉलरपर्यंतचं हत्यार त्याच वर्षी खर्ची पडतं, मात्र तसा पर्याय निवडल्याचं पत्र दरवर्षी विवरणपत्राला जोडायचं. त्याहून महाग यंत्र कलम १७९ खाली एकदम त्याच वर्षी, नाहीतर घसाऱ्याने थोडंथोडं दरवर्षी. घरगुती वापराचा हिस्सा बाद. आयकराशिवाय नफ्यावर साधारण १५.३ टक्के स्वयंरोजगार कर असतो, तो धरूनच घराचा भाव काढ. आपल्याकडे छोट्या धंद्याला अंदाजे नफ्याची सोय (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ४४ एडी), उलाढालीच्या ८ टक्के नफा दाखवला की सुटलो, बिलं कोण जपतंय! इथे बिल नसेल तर खर्च पटवून देताना घाम फुटतो.

ग्राइंडर, कटर आणू नकोस. तिकडे २३० व्होल्ट, इथे १२०. भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या, ओळंबा-थापीला काम कमीच. वडिलांची थापी मी आणलीय. तिचं बिल कुठून आणू?

विचारलं नाहीस, तरी शाळेचं सांगतोच. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात. आम्ही मराठी लिहिलं, दुसरं काय लिहिणार? मग इंग्रजीची चाचणी झाली. घेणाऱ्या बाईंना पोरीचे उच्चार कळेनात, आणि मिरजेत इंग्रजी माध्यमात शिकलेली माझी पोरगी इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात वर्षभर चित्रं बघून ‘ॲपल’ म्हणत बसली. आता कॉलेजात आहे, विसरलीसुद्धा. मी नाही विसरलो.

एकटेपणा? कामाला लागलास की होते सवय.

मला खुपतं ते वेगळंच. इथे परक्यांच्या घरांची गळती काढतो, आणि मिरजेच्या घराची कौलं दर पावसाळ्याआधी भाऊ एकटा शाकारतो. पैसे पाठवतो मी. तो म्हणाला, “पैशाचं काय, शिडी धराय माणूस लागतंय की.” यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

तेव्हा निघण्याआधी घरचं छत करून ये, आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वारसांची नावं लावून घे. इथून मुखत्यारपत्र करायचं म्हणजे आधी वकिलातीत खेटे, मग ते तिकडे पोचल्यावर ३ महिन्यांत मुद्रांक. माझं अजून अडकलंय.